सात नंबरच्या पंपाचा इतिहास

अख्खं वर्कशॉप दाजींना दाजी म्हणायचं. वेल्डर म्हणायचा, टायपिस्टबाई म्हणायच्या, नगरपालिकेचे मोठे इंजिनिअरसुद्धा फोनवर "जरा दाजींना द्या" म्हणायचे. वास्तविक ह्या माणसाला दाजी म्हणायचा हक्क जगात एकालाच होता, तो म्हणजे त्यांच्या बायकोच्या धाकट्या भावाला. आणि नेमकं त्यानेच गेल्या नऊ वर्षांत त्यांना दाजी म्हणून हाक मारलेली नव्हती.

हा मेहुणा शेजारच्याच नगरपालिकेत, त्याच हुद्द्यावर. नदीच्या काठाने तीन नगरपालिका एकीला एक चिकटून होत्या. वरची, मधली आणि खालची. प्रत्येकीचा बांधकाम विभाग वेगळा, वर्कशॉप वेगळं, यंत्रं वेगळी आणि ऐट तर फारच वेगळी. मधल्या वर्कशॉपचे फोरमन दाजी, खालच्याचा फोरमन मेहुणा. मेहुण्याला सगळे सायलेन्सर म्हणत, कारण तो बोलायला लागला की शेजारी रोलर चालू असला तरी शब्द न् शब्द ऐकू येई. बोलणं होतं त्या काळात तो दिवसातून दोनदा दाजींना फोन करायचा. फोन दाजींच्या कानाला असायचा आणि "दाजी, ऐका ना!" मागच्या शेडमधल्या वेल्डरला ऐकू जायचं. त्यातूनच हे नाव वर्कशॉपभर झालं. हाक मारणारा थांबला, तरी नाव काही सुटलं नाही.

नवा माणूस कामाला लागला की पहिल्याच आठवड्यात दाजी त्याला सात नंबरच्या पंपाची गोष्ट सांगत. कपाटाची किल्ली एकवेळ उशिरा मिळे, गोष्ट कधीच उशिरा नाही. दाजी ती उभं राहून सांगत, आणि चहा अर्धा झाला की शेवटाला येत.

गोष्ट अशी. नऊ वर्षांपूर्वी खालच्या गावात मोठा नाला फुटला आणि बाजारातल्या तळघरांत पाणी शिरलं. खालच्यांचा पंप दुरुस्तीत. सायलेन्सर पहाटेच ट्रक घेऊन मधल्या वर्कशॉपच्या गेटवर हजर. दाजी अजून घरून निघायचे होते. वॉचमन घरातलाच माणूस समजून त्याला आत सोडता झाला. भिंतीशी सात नंबरचा पंप उभा होता. दाजींनी आदल्या संध्याकाळी त्याच्या इंजिनातलं जुनं ऑइल काढलं होतं, नवं सकाळी भरायचं होतं, आणि शिस्तीप्रमाणे चालू करायच्या हँडलला चिंधी बांधून ठेवली होती. सायलेन्सरने पंप ट्रकवर चढवला, बाजारात नेला, हँडल मारलं. इंजिनात ऑइलचा थेंब नाही. बारा मिनिटं चाललं आणि जाम झालं. तळघरं आणखी दीड दिवस पाण्यात राहिली.

संध्याकाळी पंपाचं धूड परत आलं तेव्हा दाजी गेटवर उभेच होते. दोन्हीकडची माणसं जमलेली, दोन इंजिनिअर, शिवाय रस्त्याने जाणारे-येणारे.

"चिंधी बांधली होती ना हँडलला? दिसली नाही? आंधळा आहेस का तू?" दाजी ओरडले.

"चिंधी होती म्हणूनच तर चालू केला!" सायलेन्सर त्यांच्या दुप्पट ओरडला.

"ऐकलंत?" गोष्टीच्या ह्या टप्प्यावर दाजी कप खाली ठेवत. "चूक ती चूक, वर हा उर्मटपणा. चिंधी होती म्हणून चालू केला म्हणे! मी म्हटलं, संपलं. आपला ह्या माणसाशी काही संबंध नाही."

पुढे चौकशी झाली, दाजींनी दोन पानी अहवाल लिहिला आणि सायलेन्सरच्या फाइलीला निष्काळजीपणाची ताकीद लागली. नव्या माणसाने इथे मान हलवायची असते हे कुणी शिकवावं लागत नसे.

गोष्टीत एक माणूस कधीच येत नसे, ती म्हणजे दाजींची बायको. तिने त्याच आठवड्यात घरात जाहीर करून टाकलं होतं. "ह्याचं त्याला आणि त्याचं ह्याला सांगत मी फिरणार नाही. तुम्ही दोघं एका खोलीत बसाल त्या दिवशी मी माहेरी जाईन. तोवर नाही." माहेर सहा किलोमीटरवर. दाजींना वाटलं, महिनाभर टिकेल. मेहुण्यालाही तसंच वाटलं असणार. ती बाई नऊ वर्षं गेली नाही. रविवारी भावाशी फोनवर बोलायची, तेही हवापाणी आणि तब्येत, आणि फोन ठेवला की थोडा वेळ ओट्याशी नुसतीच उभी राहायची. दाजी तेवढा वेळ वर्तमानपत्रात डोकं घालून बसत. त्यांना वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण आपण बरोबर आहोत, ह्याला ते तरी काय करणार?

आणि मग तिन्ही नगरपालिकांनी मिळून ते सॉफ्टवेअर घेतलं.

घेण्याचं कारण सरळ होतं. वरचीकडे दोन रोलर गंजत पडलेले, खालचीकडे एकही नाही. मधलीकडे सात पंप, वरचीकडे अर्धा. एकीचं यंत्र दुसरीला मागायचं तर पत्र, उलटपत्र, स्मरणपत्र, आणि तोवर खड्डा रस्त्याएवढा. आता तिघींची सगळी यंत्रं एकाच यादीत येणार, कुठलं कुठे आहे, कसं आहे, कधी दुरुस्त झालं हे तिघींना दिसणार, आणि ज्याला हवं त्याने यादीतूनच मागायचं. त्यासाठी प्रत्येक वर्कशॉपने आपापल्या यंत्रांचा दहा वर्षांचा इतिहास आधी भरून द्यायचा होता.

प्रशिक्षण वरच्या नगरपालिकेच्या सभागृहात होतं. शिकवायला कंपनीतून एक मुलगी आली होती. गळ्यात ओळखपत्र, आवाज गोड, आणि बांधकाम विभागातली माणसं सांगितलेलं ऐकतात असा तिचा समज. पहिल्या तासातच तो समज बराच झिजला. खालच्यांना यंत्रांचे नंबर बदललेले चालणार नव्हते. वरच्यांच्या स्टोअरकीपर बाईंना पासवर्ड ही गोष्टच मान्य नव्हती. "तीस वर्षं स्टोअर सांभाळलं, कुणी मला 'तुम्ही कोण' विचारलं नाही. हे डबडं रोज सकाळी विचारणार?"

सायलेन्सर उजवीकडे खिडकीशी, दाजी डावीकडे दाराशी. मधे चाळीस खुर्च्या. दाजींनी एकदाही तिकडे पाहिलं नाही, पण न पाहायचं असेल तर माणूस नेमका कुठे बसलाय हे पक्कं माहीत असावं लागतं, आणि ते दाजींना पक्कं माहीत होतं.

चहानंतर मुलगी म्हणाली, "आता यंत्राची स्थिती. चालू आहे, बंद आहे, दुरुस्तीत आहे. तिघांची खूण एकच हवी. मला सांगा, सध्या तुमच्याकडे हे कसं ओळखता? समजा, यंत्र बघून-तपासून तयार आहे. खूण काय?"

"आमच्यात खूण नाही," स्टोअरकीपर बाई म्हणाल्या. "आमच्यात मला विचारतात."

हशा पिकला. मुलीने खालच्यांकडे पाहिलं.

सायलेन्सर उभा राहिला. त्याला माइकची गरज नव्हती. "सोपंय. ऑइलची पट्टी काढायची, चिंधीने पुसायची, बुडवून ऑइल बघायचं. बरोबर असलं की तीच चिंधी हँडलला बांधायची. चिंधी आहे म्हणजे ऑइल बघितलंय, बिनधास्त चालू करा. आमच्या वडिलांच्या काळापासून हेच आहे. चिंधी नसेल त्या इंजिनाला आमचा माणूस हातसुद्धा लावत नाही."

दाजींच्या हातातलं पेन खाली पडलं.

ते उचलायला वाकले तर पुन्हा वर येणंच त्यांच्या जिवावर आलं. खुर्चीखाली कुणाची तरी चप्पल होती, एक चुरगळलेला कागद होता, आणि दाजी त्याच्याकडे बघत बसले. चिंधी होती म्हणूनच तर चालू केला. नऊ वर्षं त्यांनी हे वाक्य हजारदा सांगितलं होतं, सायलेन्सरच्या आवाजाची नक्कल करून सांगितलं होतं. तो उर्मटपणा नव्हता. तो माणूस खरं बोलत होता. शिस्तीने चिंधी बघूनच त्याने पंप उचलला होता, आणि वर त्याला वाटलं असणार की दाजींनीच ऑइल न बघता चिंधी बांधली आणि आळ आपल्यावर टाकला.

"आणि मधलं वर्कशॉप?" मुलगी विचारत होती. "तुमची खूण काय, सर?"

दाजी वर आले. सगळं सभागृह त्यांच्याकडे बघत होतं, आणि खिडकीशी बसलेला तोही बघत होता. एकच वाक्य बोलायचं होतं. आमच्यात चिंधी म्हणजे हात लावू नका. एवढं बोलले असते की झालं असतं.

"आम्ही," दाजी म्हणाले, "वहीत लिहितो."

हे खोटं नव्हतं. दाजी खरंच सगळं वहीत लिहीत. पण शेजारी बसलेल्या वेल्डरने मान वळवून त्यांच्याकडे असं पाहिलं, की दाजींना कानापर्यंत गरम झालं. वेल्डर एकवीस वर्षं त्यांच्या हाताखाली होता. त्याने आयुष्यात किती चिंध्या बांधल्या असतील त्याला गणती नव्हती.

परतीच्या जीपमध्ये वेल्डर एवढंच म्हणाला, "दाजी, आपल्या चिंधीचं सांगायचं राहून गेलं."

"बघ रस्त्याकडे," दाजी म्हणाले. जीप ड्रायव्हर चालवत होता, वेल्डरला रस्त्याकडे बघायचं काहीच कारण नव्हतं, पण तो बघत राहिला.

घरी आल्यावर दाजींनी चहा घेतला, कपाटाचं बिजागर उगाचच घट्ट केलं, मग खिडकीचं केलं. बायको भाजी निवडत बसली होती. तिने दोन्ही बिजागरं होऊ दिली.

"आज तुमचं प्रशिक्षण होतं ना? तोही आला असेल."

"होता."

"बरा आहे?"

"आवाज आहे तसाच आहे." दाजी पाना हातात घेऊन उभे राहिले. "अगं, समजा, एखाद्या माणसाला इतकी वर्षं वाटत असेल की अमुक एक गोष्ट अशी अशी आहे, आणि मग..."

"थांबा," ती म्हणाली. भाजीची जुडी तिने खाली ठेवली. "मला काही सांगू नका. नऊ वर्षांपूर्वीच म्हटलंय मी. ज्याचं आहे त्याला सांगा."

"तू ऐकून तरी घे."

"मी ऐकलं की मग माझ्याशी बोललात म्हणून तुमचं मन हलकं होणार आणि तुम्ही झोपणार. मी ओळखते तुम्हाला."

 तीस वर्षांच्या संसारात बायको आपल्याला इतकं ओळखते ह्याचा दाजींना पहिल्यांदाच राग आला, आणि तो राग धरता येईल असं त्यात काही नव्हतं म्हणून आणखी आला.

इतिहास भरायला शनिवारपर्यंत मुदत होती. दाजींच्या वह्या म्हणजे वर्कशॉपचा अभिमान. पुठ्ठ्याच्या, लाल पाठीच्या, एकेका यंत्राला एकेक, अक्षर मोत्यासारखं. टायपिस्टबाई वाचून भराभर टाइप करत गेल्या. मंगळवारपर्यंत रोलर झाला, बुधवारी ट्रॅक्टर, झाडं कापायची यंत्रं. पंप एक ते सहा गुरुवारी झाले. सात नंबरची वही दाजींनी काढून आपल्या टेबलाच्या खणात ठेवली होती.

शुक्रवारी दुपारी टायपिस्टबाईंनी विचारलंच. "दाजी, सात नंबर?"

"तो मी भरतो."

"तुम्ही?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. दाजींनी आजवर कीबोर्डला फक्त धूळ झटकायला हात लावला होता.

"मी भरतो म्हटलं ना. तुम्ही जेवून या."

बाई गेल्या. दाजी खुर्चीत बसले, वही उघडली. त्या दिवशीची नोंद त्यांच्याच अक्षरात होती. ऑइल काढले, उद्या भरणे. खाली दुसऱ्या दिवशीची, पेन दाबून लिहिलेली, इंजिन जाम. एका बोटाने अक्षरं शोधत त्यांनी तारीख भरली. मग पडद्यावर चौकट आली. बिघाडाचं कारण निवडा. खाली पाच कारणं होती. झीज, सदोष सुटा भाग, अपघात, चालकाचा निष्काळजीपणा, इतर.

आता दाजींचं खरं सांगायचं तर बोट चौथ्या कारणावरच गेलं. नऊ वर्षांची सवय होती आणि अहवालही तसाच होता. कुणी त्यांना खोटं म्हणू शकलं नसतं. बोट दाबलं गेलं, तर आणखी एक चौकट आली. कर्मचारी निवडा. आणि तिन्ही नगरपालिकांच्या माणसांची यादी उघडली, नावं आणि फोटो. दाजींनी यादी खाली खाली सरकवली, आणि सायलेन्सरचा फोटो समोर आला.

केस पांढरे झाले होते त्याचे. सगळे. सभागृहात त्यांनी धड पाहिलंच नव्हतं ना, त्यामुळे त्यांच्या डोक्यात तो अजून काळ्या केसांचाच होता. फोटो काढणाऱ्याने हसा म्हटलं असावं, तर हा नेहमीसारखं तोंडभर हसला होता, अगदी दाजींच्या लग्नात बूट लपवून उभा होता तेव्हा हसला होता तसा. त्या पोराला, कारण दाजींच्या लेखी तो पोरच होता, त्यांनी चारचौघांत आंधळा म्हटलं होतं. आणि आता हे यंत्र म्हणत होतं की ह्या फोटोवर दाबा, म्हणजे हे कायमचं झालं.

दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलं, इकडेतिकडे बघितलं, आणि मागे जायचं बटण शोधायला त्यांना चार मिनिटं लागली.

मग त्यांनी 'इतर' निवडलं. 'इतर' निवडलं की सॉफ्टवेअर शेरा मागायचं. दाजींनी शेरा लिहायला घेतला. एका बोटाने, एकेक अक्षर. मधे टायपिस्टबाई जेवून आल्या, दारातून आत बघितलं आणि तशाच बाहेर गेल्या. वेल्डर येऊन पाठीमागे उभा राहिला, त्याने पडद्यावरच्या पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि हातातलं हेल्मेट काखेत धरून तोही बाहेर जाऊन बसला. चार वाजता शेरा पुरा झाला.

"इंजिनातले ऑइल मी आदल्या दिवशी काढले होते व हँडलला चिंधी बांधली होती. मधल्या वर्कशॉपमध्ये चिंधी म्हणजे चालू करू नये. खालच्या वर्कशॉपमध्ये चिंधी म्हणजे ऑइल तपासले आहे, चालू करावे. पंप नेणाऱ्याने त्याच्या शिस्तीप्रमाणे चिंधी बघूनच पंप नेला. त्याचा निष्काळजीपणा नाही. त्याने तेव्हाच मला कारण सांगितले होते. मी ऐकले नाही. गेटवर सर्वांसमोर त्याला आंधळा म्हणालो. ही चूक माझी आहे. त्याच्या फाइलवरची ताकीद काढावी ही विनंती. सभागृहात मला हे सांगता आले असते, तेव्हाही सांगितले नाही. फोरमन, मधले वर्कशॉप."

सॉफ्टवेअरने विचारलं, नक्की जतन करायचं? दाजी पडद्याला म्हणाले, "हो बाबा, हो." आणि दाबलं.

त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती, कारण ती ज्या तासाला शिकवली त्या तासाला त्यांचं मन खुर्चीखालीच राहिलं होतं. शेरा असलेली नोंद जतन झाली की ती तिन्ही वर्कशॉपांतल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर टिंग करून जायची.

बाहेर शेडमध्ये आधी वेल्डरचा मोबाइल वाजला, मग फिटरचा, मग लागोपाठ सगळ्यांचे.  दाजी बाहेर आले तर प्रत्येक जण आपापल्या कामात इतका गढून गेला होता की एरवी ते तसे कधी गढत नसत. फक्त वॉचमन, ज्याने त्या पहाटे गेट उघडलं होतं आणि नऊ वर्षं आपलंच काहीतरी चुकलं अशा समजुतीत काढली होती, तो समोर आला, दाजींना ताठ उभं राहून सलाम ठोकला आणि गेटवर परत गेला.

सायलेन्सरकडून मात्र काही आलं नाही. शनिवार गेला. रविवारी बायकोचा फोन वाजलाच नाही, आणि तिने आपणहून लावलाही नाही. ती दिवसभर फोन हाताशी घेऊन होती. दाजी तर्क करत बसले. आपण लिहिलं ते त्याला आवडलं नसेल, सगळ्यांसमोर पुन्हा तो विषय निघाला म्हणून चिडला असेल, किंवा नऊ वर्षांनी असं चार ओळींत मिटवायला तो काय दगड आहे? एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस गप्प बसला तर त्याचा अर्थ लावायचा कसा, हे दाजींना उमगेना.

सोमवारी सकाळी साडेनवाला टायपिस्टबाई जवळजवळ धावतच शेडमध्ये आल्या. "दाजी, मागणी आलीय! पहिली मागणी! खालच्यांकडून!"

सगळे कामं टाकून पडद्याभोवती जमले. खालच्या वर्कशॉपने मधल्यांचा रोलर दोन दिवसांसाठी मागितला होता. कारण, शाळेसमोरचा रस्ता. खाली शेऱ्याची चौकट होती. शेरा असा होता:

"रोलर चांगला आहे हे यादीत दिसते. तरी सोबत माहितगार माणूस पाठवावा. दुसरा कोणी नको. दाजींनीच यावे."

वेल्डरने टाळी वाजवली. फिटर म्हणाला, "लिहिताना पण ओरडल्यासारखंच लिहितो हा माणूस."  दाजींनी शेऱ्यातला एक शब्द पुन्हा वाचला, मग आणखी एकदा वाचला, आणि नाक शिंकरायला मागच्या शेडमध्ये गेले.

रोलर रस्त्याने न्यायचा म्हणजे ताशी पाच किलोमीटर. ट्रेलर होता, पण त्याचं चाक दुरुस्तीत होतं, तसं सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेलंही होतं. शिवाय आता वाट बघायची दाजींची तयारी नव्हती. त्यांनी ऑइल बघितलं, डिझेल बघितलं, पुन्हा ऑइल बघितलं. घर वाटेवरच होतं, म्हणून सांगून जावं ह्या विचाराने त्यांनी रोलर दारात थांबवला. बायको आधीच दारात होती. हा आवाज काय आहे म्हणून गल्लीतले निम्मे लोकही होते.

"खाली चाललोय," दाजी इंजिनाच्या वर आवाज चढवून म्हणाले. "तुझ्या भावाने रोलर मागवलाय. मलाही मागवलंय."

 ती आत गेली, चपला घातल्या, पिशवी घेतली, दाराला कुलूप लावलं आणि रोलरच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"अगं, बसने ये ना. दर अर्ध्या तासाला बस आहे. ह्याला सव्वा तास लागेल."

"बसने गेले तर तुम्ही मधूनच परत फिराल."

"नाही फिरणार!"

"चला हो," ती म्हणाली. "नऊ वर्षं गेली, सव्वा तासाने माझं काय बिघडणार आहे?"

रोलरवर चालकाशिवाय दुसऱ्याला बसायची परवानगी नव्हती आणि दाजी नियमाला पक्के. तेव्हा ते वर बसून चालवत होते आणि ती शेजारून चालत होती. वेग तसा तिच्या पायांना मानवणाराच होता. मागे हॉर्न वाजवत गाड्या साचल्या, पुढे काढून गेल्या, एका स्कूटरवाल्याने थांबून विचारलं की काकू, दमलात तर सोडू का पुढे. ती म्हणाली, नको, ह्यांना एकटं सोडवत नाही. पुलावर वारा सुटला होता. तिच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते वरून बघायला मिळावं म्हणून दाजींनी दोनदा रोलर उगाचच हळू केला. हळू म्हणजे तरी किती करणार?

खालच्या वर्कशॉपचं गेट उघडंच होतं. आवाज लांबूनच पोचला असणार, कारण सगळी माणसं बाहेर उभी होती आणि सगळ्यांच्या पुढे पांढऱ्या केसांचा सायलेन्सर. त्याने तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. दाजींनी इंजिन बंद केलं. एकदम एवढी शांतता झाली की दाजींना काय बोलायचं ते सुचेना. वाटेत त्यांनी चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आता जागेवर नव्हतं.

"दाजी," अखेर तो म्हणाला. किती हळू म्हणाला. "मीही तेव्हा धड समजावून सांगितलं नाही. नुसता ओरडलो."

"तू नेहमीच ओरडतोस," दाजी म्हणाले.  "मीच ऐकायला हवं होतं. मी काय म्हणतो, त्या दिवशी मी..."

"नाही, दाजी, माझं ऐका, मी त्या पहाटे तुम्हाला एक फोन केला असता तर..."

"अरे, फोनचा प्रश्नच नाही, वॉचमनने जर..."

"वॉचमनला कशाला मधे आणता, चूक माझी..."

"तुझी कशी? लिहून दिलंय मी चूक माझी म्हणून! तिन्ही नगरपालिकांत गेलंय ते!"

"म्हणून काय झालं? मीही लिहीन!"

दोघांचेही आवाज आता चांगलेच चढले होते. भांडण आता कुणाची चूक जास्त ह्यावर होतं आणि दोघांपैकी एकही आपला हक्क सोडायला तयार नव्हता. जमलेली माणसं हसायला लागली. बायको दोघांच्या मधे उभी होती, हातात पिशवी, पायांवर सहा किलोमीटरची धूळ, आणि एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती.

"तुमचं चालू द्या," ती म्हणाली. "पण मला आधी कुठेतरी बसू द्या रे. नऊ वर्षं तुमच्या दोघांच्या मधे उभी आहे मी."

 दोघेही एकाच वेळी खुर्ची आणायला ऑफिसकडे धावले आणि दारात एकमेकांना अडकले.